मंद बाजारात उडीचा घोडा विकणं : कोल्हापुरातल्या नोंदी, जून ते कार्तिक

जूनअखेर

घोडा असा : थरोब्रेड (रेसच्या जातीचा), खस्सी, ११ वर्षं, ६४ इंच, रेसच्या ट्रॅकवरून सुटलेला, आता १.१० मीटर उंच अडथळ्यांचा कोर्स शांतपणे काढणारा. डाव्या पुढच्या पायाच्या टेंडनवर रेसच्या काळातली जुनी गाठ, थंड आणि टणक. खोड एकच, खुराकाची वेळ झाली की दाराची फळी चावतो. स्वाराला आता वरच्या उंचीला जायचंय, घोडा तिथं जाणार नाही, आणि दोन घोडी पोसणं परवडत नाही. म्हणून विक्री.

बाजार थंड आहे असं जो तो म्हणतो. जरा खोलात गेलं की दिसतं, भाव फारसा कोसळलेला नाही, गिऱ्हाईक आटलंय. मुंबईच्या रेसचा हंगाम एप्रिलात संपतो, त्यानंतर ट्रॅकवरून सुटलेली घोडी स्वस्तात बाहेर पडतात. घेणारा पहिला हिशोब तिथंच लावतो : "एवढ्यात तर दोन येतात." त्या दोघांना उडी शिकवायला वर्ष-दीड वर्ष जाईल आणि त्यातलं एखादं लंगडं निघेल, हे त्याला फोनवर समजावून उपयोग नसतो. घोड्याच्या पाठीवर बसला की आपोआप कळतं. त्यामुळे इथून पुढची सगळी तयारी एकाच गोष्टीची, माणूस घोड्यापर्यंत आणायचा.

माणूस कोणता, हे आधी ठरवलं. जत्रा पहिल्याच दिवशी बाद. अकलूजचा घोडेबाजार, दत्तजयंतीला सारंगखेडा, मार्गशीर्षात लोहा तालुक्यातलं माळेगाव, या ठिकाणी मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचं राज्य. तिथं इंच मोजतात, कान बघतात, भोवरे तपासतात, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) आहे का विचारतात, रेवाळ म्हणजे न हिंदकळणारी चाल मागतात. खस्सी थरोब्रेडला तिथं कोण विचारतो? पैदाशीला नाही, वरातीला नाचत नाही. रुमालाखाली बोटं दाबून जो आकडा मिळेल तो नालांच्या किमतीचा. शर्यतीच्या गाड्यांवाले मात्र नक्की फोन करतील, त्यांना ट्रॅकचं घोडं हवंच असतं. जुन्या टेंडनचा घोडा डांबरी रस्त्यावर गाडीला जुंपणं म्हणजे महिन्याभरात पाय गेला. त्यांना नकार, आकडा कितीही असो.

उरलं गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एक, ८० सेंमी ते १ मीटरवर आलेलं शाळकरी पोर आणि त्याचे आईबाप. दुसरं, रायडिंग स्कूल. दोघांनाही १.१० मीटरचं फारसं कौतुक नाही, त्यांना पोर खाली न पाडणारा घोडा पाहिजे. हे एकदा नीट लक्षात आलं की व्हिडिओ, ट्रायल, भाव, सगळं त्या बाजूनं मांडता येतं.

जूनअखेर, हिशोब

महिन्याचा खर्च कागदावर काढला. घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराच्या पगारातला अर्धा वाटा ८,०००. ओट आणि जव मिळून रोज साडेतीन किलो, ४० रुपयांनी ४,२००. सुकं गवत रोज ८ किलो, १२ रुपयांनी २,८८०. मीठ आणि कॅल्शिअम ७००. बिछान्याचा भुस्सा १,६५०. नाल दर सहा आठवड्यांनी २,२००, म्हणजे महिन्याला साधारण १,५७०. लस, जंताचं औषध, डॉक्टर, सरासरीनं १,५००. वीज, पाणी, किरकोळ १,५००. बेरीज २२,०००.

या आकड्यावरच सगळा निर्णय उभा आहे. मागितलेला भाव ४,५०,०००. समजा ऑगस्टात कुणी ३,६०,००० बोललं आणि आपण "हंगामात पूर्ण भाव येईल" म्हणून जानेवारीपर्यंत थांबलो. पाच महिन्यांचे १,१०,००० गेले. जानेवारीत ४,५०,००० आले तरी हातात पडले ३,४०,०००, आणि मधल्या काळात पोटशूळ, लंगडेपणा, पडझड यांची जोखीम आपलीच. आपल्याकडं उलटं होतं. मालक म्हणतो, एवढं खाऊ घातलं, आता कमी कसं घेऊ? खाल्लेलं खाल्लं, ते घेणाऱ्याच्या पैशात वसूल होत नसतं.

म्हणून तळाचा आकडा लिहून ठेवला : दसऱ्यापर्यंत ३,२५,०००. त्यानंतरही गेला नाही तर आणखी उतरायचं नाही, सहा महिन्यांच्या भाडेकरारावर द्यायचा. चारा, नाल, डॉक्टर घेणाऱ्याकडं, उडीची कमाल उंची १ मीटर, आणि आपल्याला न विचारता घोडा गावाबाहेर न्यायचा नाही.

जुलै

या महिन्यात घोडा दाखवायचाच नाही. मैदानात चिखल, काम बंद, अंग सुटलेलं. शिवाय राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडायला लागली की गिऱ्हाईक घरातनंच फिरतं, आणि ४३ च्या वर गेली की शिरोलीजवळ महामार्गाचं काय होतं ते २०१९ आणि २०२१ ला सगळ्यांनी बघितलंय. गाडी त्या दिवसांत ठरवूच नये.

काम फक्त खुरांचं आणि कागदांचं.

थरोब्रेडचं खूर मुळात पातळ. दिवसभर ओलं, रात्री कोरडं, परत ओलं, या चक्रात ते फुगतं-आकसतं आणि नालाचे खिळे सैल होतात. सैल खिळ्याच्या भोकातून घाण आत जाते, भिंत तुटते, मग नालबंदाला पुढचा खिळा मारायला जागाच राहत नाही. म्हणून पावसाळ्यात सहाऐवजी पाच आठवड्यांवर नाल. तळाची त्रिकोणी मऊ पुतळी रोज दोनदा हुकानं साफ. मधल्या खाचेत काळा, कुबट वासाचा चिकट थर दिसला की सड सुरू झाली. तो पूर्ण खरवडून, खूर फडक्यानं कोरडं करून, मोरचुदाच्या पातळ द्रावणात भिजवलेली कापसाची वात खाचेत सरकवायची. वात रोज बदलायची. ओल्या खुरावर औषध ओतून काही होत नाही, आणि बिछाना ओला ठेवून तर मुळीच नाही.

चाऱ्याबद्दल एक. इकडं उसाचं वाडं मुबलक, गुराढोरांना चालतं म्हणून घोड्यालाही टाकतात. वाड्यातलं ऑक्झलेट कॅल्शिअम बांधून ठेवतं, वरून गव्हाचा कोंडा दिला की फॉस्फरस वाढतो. मग शरीर हाडातलं कॅल्शिअम काढायला लागतं. आधी पाय बदलून बदलून लंगडणं, पुढं चेहऱ्याची हाडं सुजणं. असा घोडा तपासणीत हमखास अडकतो आणि मालकाला वाटतं नाल चुकला. वाडं बंद, कोंडा मूठभर. बुरशी धरलेली वैरण स्वस्तात मिळाली तरी घ्यायची नाही.

वजनकाट्याची सोय नसेल तर टेप पुरतो. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, मापं सेंटिमीटरमध्ये. लांबी खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत. घेर १८८, लांबी १६२, म्हणजे ४८२ किलो. फासळ्या दिसू नयेत पण बोटाला लागाव्यात, विक्रीला एवढं अंग बरोबर. तुपट दिसणारा घोडा जाणकाराला काम न केलेला वाटतो.

कागद : इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाचा पासपोर्ट, मायक्रोचिपचा नंबर पासपोर्टशी जुळवून, फ्लू आणि धनुर्वाताच्या लशीच्या नोंदी सही-शिक्क्यासह. थरोब्रेड असल्यानं पुण्याच्या स्टड बुकात, म्हणजे वंशावळीच्या वहीत, त्याची नोंद असतेच, त्यामुळे वयाचा वाद होत नाही. तरी घेणारा दात बघतोच, आणि बघू द्यावेत. वरच्या कोपऱ्यातल्या दातावरची उभी खाच साधारण दहाव्या वर्षी हिरडीतून डोकावते, पंधराव्या वर्षी दाताच्या निम्म्यावर येते. याची नुकती दिसायला लागलीय.

ग्लँडर्सच्या तपासणीसाठी रक्त पशुसंवर्धन खात्यामार्फत याच महिन्यात दिलं. हा रोग २००९ च्या केंद्रीय कायद्यात कळवणं सक्तीचा आहे, आणि बाधित घोड्याला दयामरणच. गिऱ्हाईक आल्यावर रक्त पाठवलं तर निकाल येईपर्यंत त्याचा उत्साह मावळतो.

ऑगस्ट

पाऊस उघडीप देईल तसं काम सुरू. पहिले दोन आठवडे नुसती चाल, ४० मिनिटं, रस्त्याच्या कडेनं. मग दुडकी, चौथ्या आठवड्यात कँटर (दुडकीच्या वरची संथ धाव), त्यानंतर जमिनीवरचे बांबू, आणि उडी आठवड्यातून दोनदाच. सुटलेल्या अंगावर थेट उडी घेतली की जुना टेंडन गरम होतो आणि विक्री वर्षभर पुढं जाते. रोज काम झाल्यावर दोन्ही पुढचे पाय हातानं चाचपायचे, उष्णतेतला फरक तळव्याला लगेच कळतो.

गोमाश्या वाढल्यात. त्यांच्यातनं सर्रा पसरतो : ताप येतो-जातो, घोडा वाळतो, पोटाखाली आणि पायांना सूज. जरा मरगळलेला दिसला तरी थर्मामीटर लावायचा. विश्रांतीत ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर रक्ताचा थेंब लावलेली काच डॉक्टरकडं.

गणपतीच्या आधी, व्हिडिओ

चार मिनिटांचा, मोबाइल आडवा, सकाळच्या उन्हात, ऊन काढणाऱ्याच्या पाठीमागून. आधी घोडा मोकळा उभा, कॅमेरा तंगाच्या उंचीला. मोबाइल डोक्याच्या उंचीला धरला की पाय आखूड दिसतात. मग कडक जमिनीवर चाल आणि दुडकी, समोरून, मागून, बाजूनं. मग दोन्ही हातांवर, म्हणजे डावीकडं आणि उजवीकडं वळत, कँटर, मग ८० सेंमी, मग १ मीटर. १.१० च्या अडथळ्यांची एकच रांग, शेवटी. स्वार शक्यतो पोरगेलासा, हेल्मेट घालून. गाणं नाही, स्लो मोशन नाही. एका ठिकाणी बांबू पडला तो तसाच ठेवला. कापाकापी दिसली की बघणाऱ्याला वाटतं, तिथंच काहीतरी दडवलंय.

मजकुरात भाव लिहिला. "भावासाठी फोन करा" लिहिलं की फुकटची विचारणा वाढते आणि खरा घेणारा पुढं सरकतो. टेंडनची गाठ आणि फळी चावणंही लिहिलं. फळी चावणारा घोडा शेजारच्या तबेल्यात नको असं काहींना वाटतं, ते प्रवास करून येऊन परत जाण्यापेक्षा घरी बसून नाही म्हणालेले बरे.

सप्टेंबर

फोन आले त्यातले निम्मे "दादा, शेवटचं किती?" एवढ्यावरच थांबणारे. वय न विचारता शेवटचं विचारणाऱ्याला उत्तर एकच : "आधी बघून जावा, मग बोलू." शर्यतवाल्यांचेही आले, नकार दिला.

पुण्याहून एका मुलीचे वडील ३,६०,००० ला तयार, ट्रायल आणि डॉक्टरी तपासणीच्या अटीवर. जूनच्या हिशोबानं हा आकडा थांबण्यापेक्षा चांगला. टोकन १० टक्के, ३६,०००. लिहून घेतलं : डॉक्टरनं कामाला नालायक ठरवला तर टोकन परत, मन बदललं तर नाही.

ट्रायल. घोडा आधी पळवून दमवून ठेवायचा नाही, पाव्हण्यांना तबेल्यातनं काढण्यापासून दाखवायचा : दावण सोडणं, खरारा, खोगीर, तंग आवळणं. मुलीनं स्वतः तंग आवळला आणि घोडा कान न पाडता उभा राहिला, वडिलांचं अर्धं काम तिथंच झालं. आधी आपला स्वार, मग त्यांचा, मग मुलगी. उडी ८० वरच थांबवली.

तपासणीचा डॉक्टर घेणाऱ्याचा, आपला नाही. हृदय, डोळे, खुराला चिमटा, मग वाकवून धरण्याची चाचणी. मागचा डावा पाय वर घेऊन ६० सेकंद दुमडून धरला आणि सोडल्या सोडल्या दुडकी. पहिली तीन पावलं आखूड पडली, चौथ्यापासून सारखी. उजव्याला काही नाही. एक्स-रेत डाव्या मागच्या ढोपराच्या खालच्या सांध्यात हलका फरक. ११ वर्षांच्या उडीच्या घोड्यात हे दिसणारच, पण घासाघिशीला कारण मिळालं. ५०,००० कमी मागितले. १ मीटरच्या कामाला डॉक्टरनं हरकत घेतली नव्हती, तेवढं एक वाक्य रिपोर्टमधून पुढं केलं. २०,००० वर तुटलं. ३,४०,०००.

त्याच दिवशी काढलेल्या रक्ताची एक बाटली सीलबंद करून डॉक्टरकडं ठेवली. पुढं लंगडला तर "वेदनाशामक देऊन दाखवला" हा आरोप तपासता येतो.

कार्तिक

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर गाडी. उरलेले ३,०४,००० बँकेतून. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि घेणारा घाई करत असला तरी पैसे खात्यात दिसेपर्यंत घोडा गाडीच्या फळीवर चढवायचा नाही. विक्रीपत्रात चिपचा नंबर, टेंडन, ढोपर, खोड, तपासणीची तारीख, आणि ताबा दिल्याची वेळसुद्धा. त्या वेळेनंतरची जोखीम त्यांची.

कोल्हापूर-पुणे साधारण २३० किलोमीटर, घोडा घेऊन रात्री निघून सहा तास. पशुवैद्यकाचा प्रवासाला योग्य असल्याचा दाखला चालकाकडं. चारही पायांना पट्ट्या, दावण एवढी लांब की मान खाली करून शिंकरता येईल. तोंड वर बांधून नेलं की नाकातली घाण फुप्फुसात उतरते आणि दोन दिवसांनी ताप येतो. साताऱ्याच्या अलीकडं थांबून पाणी.

सोबत आठ दिवसांचा ओट-जवाचा खुराक आणि दोन पोती इथलंच गवत दिलं. पहिले तीन दिवस तेच, मग त्यांचा चारा रोज थोडा वाढवत न्यायचा. नालाची पुढची तारीख, जंताच्या औषधाचं नाव आणि तोंडातल्या लगामाचं माप पासपोर्टच्या पिशवीत लिहून ठेवलंय. पासपोर्टवर मालकी बदलायचा अर्ज दोघांच्या सहीनं त्याच दिवशी पाठवला.