दाढदुखी आणि उत्पन्नाचा दाखला: पिट्सबर्गमधला माझा अनुभव

अमेरिकेत दातांचा विमा वेगळा असतो. आमच्याकडे तो नव्हता. नवरा पीएचडीला, मी एफ-टू व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, त्यामुळे मला नोकरी करता येत नाही. त्याचा आरोग्य विमा विद्यापीठातून. त्यात मला घ्यायचं तर आमच्या महिन्याच्या किराण्याएवढे पैसे, आणि एवढं करून दात त्यात नाहीतच. दातांचा वेगळा विमा घेतला तरी रूट कॅनाल आणि कॅपसाठी सहा महिने ते वर्षभर थांबायची अट बहुतेक ठिकाणी असते. ठणका कुठला थांबतोय!

नोव्हेंबरात खालची डावी दाढ दुखायला लागली. सांगलीला कधीतरी सिमेंट भरलेलं होतं, त्याच्याखाली कीड गेलेली. आईने फोनवर लवंगेचं तेल सांगितलं. मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, काढून टाक ती, आणि मोकळी हो." बाकी सगळ्यांचं एकच, "भारतात जाऊन करून ये." तिकीट कोण काढणार ते कुणी बोलत नव्हतं.

घराजवळच्या खासगी दवाखान्यात तपासणी झाली. रूट कॅनाल, वरचा बिल्डअप (म्हणजे कॅपखालचा भराव) आणि कॅप मिळून २,८०० डॉलरच्या आसपास आकडा आला. माणसं चांगली होती, आकडा चांगला नव्हता. तिथून एक्स-रेची प्रत मात्र ईमेलवर मागून घ्या. तुम्ही पैसे भरलेत, प्रत तुम्हाला मिळते, आणि पुढच्या ठिकाणी बऱ्याचदा तीच चालते.

मग कुणीतरी कम्युनिटी हेल्थ सेंटरबद्दल सांगितलं. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारे हे दवाखाने देशभर आहेत. एचआरएसए या सरकारी संस्थेच्या साइटवर पिनकोड टाकला की जवळचे दिसतात. विमा नसला तरी चालतो आणि उत्पन्न कमी असेल तर फी कमी लागते. नियम असा की घराचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत असेल तर सवलत. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे ही रेषा एका माणसाला १५,६५० डॉलर आणि दोघांच्या घराला २१,१५० होती. म्हणजे दुप्पट धरली तर एकट्याला ३१,३००, दोघांना ४२,३००. नवऱ्याची फेलोशिप वर्षाला ३४,००० ची. दोघांचं घर म्हणून आम्ही आरामात बसत होतो.

बसत होतो ते कागदावर. खिडकीवर नाही.

खिडकीवरच्या बाईंनी गेल्या महिन्याच्या पे-स्टब, म्हणजे पगाराच्या पावत्या, मागितल्या. फेलोशिप ही नोकरी नव्हे, तिला पे-स्टब नसते, पैसे नुसते बँकेत येतात. मग गेल्या वर्षीचा टॅक्स रिटर्न? आम्ही ऑगस्टमध्ये आलो, गेल्या वर्षी आम्ही सांगलीत होतो. मग डब्ल्यू-टू, म्हणजे नोकरदाराच्या वर्षाच्या पगाराचा दाखला? फेलोशिपला तो निघत नाही. आमच्यासारख्या परदेशी लोकांना त्याऐवजी १०४२-एस नावाचा कागद येतो, तोही पुढच्या मार्चपर्यंत. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथे जिथे तिथे विचारतात तो सरकारी नंबर? दोघांनाही नाही. मला मिळतच नाही, आणि त्याच्याकडे फेलोशिपशिवाय नोकरी नसल्यामुळे त्यालाही मिळत नाही. बाई प्रत्येक उत्तरानंतर पडद्याकडे बघून मान हलवायच्या. त्यांच्यामागच्या भिंतीवर फ्रेम करून पाटी लावली होती की पैसे नाहीत म्हणून इथे कुणालाही परत पाठवलं जात नाही. मला परत पाठवलं.

मी तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढलेली बाई आहे. तलाठ्याचा अहवाल, स्वयंघोषणापत्र, सेतू केंद्रातली रांग, हे सगळं केलेलं आहे. पण तिथे निदान कोणता कागद कमी आहे ते एकदा सांगतात. इथे दर वेळी नवा कागद.

बँकेचं स्टेटमेंट नेलं. त्यात विद्यापीठाचं नाव होतं, रक्कम होती. तेव्हा अडलं आडनावावर. मी लग्नानंतर नाव बदललेलं नाही. पासपोर्टवर माहेरचं आडनाव, खातं नवऱ्याच्या नावावर, भाडेकरार त्याच्या नावावर. "हे तुमचे पती आहेत याचा पुरावा?" विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सांगलीला सासूबाईंच्या कपाटात. त्यांनी बिचाऱ्यांनी रात्री उठून फोटो पाठवला. लायब्ररीत प्रिंट काढून नेला, तर वरचा मजकूर मराठीत आहे म्हणून प्रमाणित भाषांतर हवं म्हणाल्या. त्याच मजकुराखाली इंग्रजी आहे, तारखेसकट, हे मी बोट ठेवून दाखवलं. ऐकून घेतलं, कागद परत सरकवला.

आणि तोपर्यंत त्यांनी माझी नोंद कशी केली होती? उत्पन्न ३४,०००, कुटुंबातली माणसं एक. उत्पन्न दोघांचं धरलं आणि माणूस एकच धरलं. नवरा म्हणून त्याला मानत नव्हत्या, पण त्याचे पैसे मात्र मानत होत्या. त्यामुळे मी ३१,३०० च्या वर गेले आणि पूर्ण फी लागू झाली. तो नवरा नसेल तर माझं उत्पन्न शून्य धरा, असं मी म्हटलं. तर शून्य उत्पन्नाचा पुरावा आणा. कसा आणायचा शून्याचा पुरावा?

दाढ तोपर्यंत एवढी ठणकत होती की रात्री उशी उभी करून, बसून झोपत होते. डाव्या बाजूने पाणीसुद्धा पिता येत नव्हतं.

शेवटी मी त्या खिडकीवर वाद घालणं सोडलं आणि सुपरवायझरला भेटायचं आहे एवढंच म्हटलं, आणि खुर्चीत बसून राहिले. सुपरवायझर आल्या, वयाने मोठ्या, गळ्यात चष्मा. त्यांनी पासपोर्ट हातात घेतला आणि शेवटचं पान उघडलं. तिथे वडिलांच्या, आईच्या नावाखाली पतीचं नाव छापलेलं आहे, पूर्ण, आडनावासकट. हे पान मी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. "आम्ही फोटोचं पानच स्कॅन करतो" असं उत्तर मिळालं होतं! सुपरवायझरनी शेवटचं पान स्कॅन केलं. उत्पन्नासाठी विभागाचं पत्र चालेल म्हणाल्या. नवऱ्याच्या विभागातल्या ऑफिसने ते बसल्या बसल्या टाइप करून दिलं. घरात दोघे, उत्पन्न ३४,०००. सवलत लागू.

खरं तर या सवलतीसाठी नियमाप्रमाणे दोनच गोष्टी बघायच्या असतात, घराचं उत्पन्न आणि घरातली माणसं. व्हिसा नाही, आडनाव नाही, सोशल सिक्युरिटी नंबर नाही. त्या नंबरचा रकाना रिकामा सोडता येतो. हे मला आधी माहीत असतं तर मी खिडकीवर जरा वेगळ्या आवाजात बोलले असते.

एवढं करून आत गेल्यावर कळलं की तिथे दाढेचं रूट कॅनाल करतच नाहीत. पुढच्या दातांचं करतात, दाढ असेल तर काढून देतात. बऱ्याच हेल्थ सेंटरमध्ये असंच असतं, म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा. पण डॉक्टर तरुण मुलगी होती आणि फार नीट होती. तिने दाढ उघडून औषध घातलं, वर तात्पुरतं सिमेंट लावलं. त्या दिवसाचे ४० डॉलर. त्या रात्री मी आडवी झोपले. पुढच्या कामासाठी तिनेच डेंटल कॉलेज सुचवलं.

पिट्सबर्ग विद्यापीठाचं डेंटल कॉलेज ओकलंडमध्ये साल्क हॉलमध्ये आहे. जोनास साल्क यांनी पोलिओची लस ज्या इमारतीत तयार केली तीच ही. लहानपणी डोस घेतलेल्या मला उगीच बरं वाटलं, जरी आम्हाला मिळालेले थेंब साल्कचे नव्हते. तिथे जायचा चढ एवढा उभा की शेजारच्या रस्त्याला लोक 'कार्डिॲक हिल' म्हणतात. दाढ दुखत असताना चढू नका, बसने जा. आधी तपासणी करून केस विद्यार्थ्यांना शिकवायला योग्य आहे का ते बघतात, सगळ्यांना घेतातच असं नाही. माझी घेतली. खर्च खासगीच्या निम्म्याच्या आसपास आला. वेळ मात्र दुप्पट-तिप्पट. विद्यार्थी एक पायरी करतो, हात वर करतो, प्राध्यापक येऊन बघतात, मग पुढची पायरी. दुपार जाते. तोंड उघडं ठेवून जबडा दुखतो, पण काम इतकं तपासून झालेलं मी आजवर बघितलं नव्हतं. कॅप बसली, चावताना काही कळत नाही.

राहिलेलं लिहून टाकते. दातांच्या प्रत्येक कामाला इथे ठरलेला कोड असतो, फोनवर भाव विचारताना तो सांगा: दाढेचं रूट कॅनाल डी३३३०, बिल्डअप डी२९५०, पोर्सिलेनची कॅप डी२७४०, साधा दात काढणं डी७१४०. कोड सांगितला की समोरचा गोल गोल बोलत नाही. विमा नसलेल्या माणसाला खर्चाचा लेखी अंदाज मागायचा हक्क २०२२ पासून कायद्याने आहे. 'गुड फेथ एस्टिमेट' म्हणा. बिल त्याच्यापेक्षा ४०० डॉलरने किंवा जास्त वाढलं तर तक्रार करता येते. नुसतं दात साफ करायचं असेल तर कम्युनिटी कॉलेजात डेंटल हायजीन शिकवतात, तिथे फार स्वस्तात होतं. भारतातून निघायच्या आधी दात तपासून घ्या हे सगळेच सांगतात. मी म्हणेन विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रतही सोबत आणा, आणि नवा पासपोर्ट काढणार असाल तर त्यात पतीचं नाव घालून घ्या, आडनाव बदला किंवा नका बदलू.

आणि विभागाचं पत्र दवाखान्यात जायच्या आधीच काढून ठेवा. त्यात विद्यार्थ्याचं नाव, वर्षाची फेलोशिप किती, कुठल्या तारखेपासून, आणि पत्नी त्याच्यावर अवलंबून आहे, एवढं पुरतं. लेटरहेड आणि सही हवी. आमच्या पत्राला नोटरी लागली नाही. तुमच्याकडे मागितली तर कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणावं.