दहा हजारांमागे आठ

पाळी जाऊन चौदा महिने झाले होते. रात्री दोनच्या सुमारास छातीतून गरम लाट वर चढायची, मान आणि केसांची मुळं घामाने निथळायची आणि पाच मिनिटांत हुडहुडी भरायची. असं रात्रीतून तीन-चारदा. उशाशी पंचा घेऊनच झोपायचे. दिवसा साधी बेरीज चुकायला लागली, तेव्हा मात्र घाबरले.

पहिल्या डॉक्टरांनी "या वयात चालायचंच" म्हणून बोळवण केली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

हार्मोन थेरपीचं, म्हणजे पाळी गेल्यावर कमी पडणारी संप्रेरकं औषधातून घेण्याचं, नाव काढलं की सगळ्या एकच शब्द उच्चारत होत्या : कर्करोग. माझ्या मावशीला सत्तरीत स्तनाचा कर्करोग झाला होता, त्यामुळे भीती घरातलीच. दुसऱ्या डॉक्टरबाईंना मी सरळ विचारलं, किती जणींमागे किती? त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. ही भीती पसरली ती 2002 साली अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'च्या अभ्यासातून. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम संप्रेरक) एकत्र घेणाऱ्यांत दर 10,000 बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या 8 केसेस जास्त, पक्षाघाताच्याही 8 जास्त, खुब्याची फ्रॅक्चर्स 5 कमी. त्या बायकांचं सरासरी वय होतं 63. मी 52 ची. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं, तर हिशेब बराच फायद्याकडे झुकतो.

तो 8 चा आकडा मी दोन दिवस डोक्यात घोळवला. धोका शून्य नाही, पण माझी झोप तर रोज जात होती, आणि आईचा खुबा मोडल्यावर ती पुन्हा नीट चाललीच नाही.

मॅमोग्राफी, रक्तदाब, हाडांची डेक्सा तपासणी झाली. मला किंवा घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, हे त्यांनी दोनदा विचारलं. गोळीऐवजी पॅच ठरला. त्यातलं इस्ट्रोजेन त्वचेतून थेट रक्तात जातं, आधी यकृतातून जात नाही, म्हणून गुठळीचा धोका कमी. गर्भाशय असल्यामुळे अस्तर वाढू नये म्हणून रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळीही. गर्भाशय काढलेल्यांना ती सहसा लागत नाही.

पाचव्या आठवड्यात सलग सहा तास झोपले. मधे थोडं डाग लागणं झालं, लगेच कळवलं. सुरुवातीला होतं म्हणाल्या. सहा महिन्यांनंतरही राहिलं तर सोनोग्राफी करायची. वर्षाने पुन्हा तोच कागद घेऊन बसायचं ठरलंय.