ल्वारच्या बांधावरून सावकाश

नाशिकमध्ये सायकल आणि फ्रान्स असा एकत्र विषय निघाला की बोलणे हमखास पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसकडे वळते. 1891 मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेली आणि आता दर चार वर्षांनी होणारी ही 1200 किलोमीटरची राइड 90 तासांत पुरी करायची असते आणि तिच्यासाठी आधी 200, 300, 400 व 600 किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेतल्या पात्रता राइड, पार पाडाव्या लागतात, हे आपल्याकडे रविवारी पहाटे सायकल काढणाऱ्या बहुतेकांना पाठ असते. नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केल्यापासून तर या शहरात लांब पल्ल्याचा मान फारच वाढला. त्या मानाबद्दल माझी तक्रार नाही. रात्री कसारा घाट चढून येणाऱ्यांची टिंगल करण्याइतके बळ माझ्या पायांत नाही. परंतु याच फ्रान्समध्ये सायकलस्वारांचा एक दुसरा संप्रदाय आहे, ज्याला कोठेही वेळेत पोहोचायचे नसते, आणि त्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही.

या संप्रदायाचे मूळपुरुष म्हणजे पॉल द व्हीव्ही (1853–1930). सेंत-एत्येन या गावचे हे रेशमाचे व्यापारी ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत असत. सायकलीला अनेक गिअर असावेत, म्हणजे सामान्य माणसालाही चढ चढता येईल, हा त्यांचा आग्रह होता. गिअर हा दुबळ्यांचा आधार आहे असे मानणाऱ्या शर्यतवाल्यांनी टूर द फ्रान्समध्ये साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवून गिअर बदलणाऱ्या डिरेलरला थेट 1937 मध्ये परवानगी दिली, यावरून व्हेलोसिओ काळाच्या किती पुढे होते ते कळते. त्यांनी सायकलप्रवाशांसाठी सात नियम घालून दिले होते. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, जेवण जाणार नाही किंवा झोप येणार नाही इतके दमू नये, आणि केवळ ऐट मिरवण्यासाठी पेडल मारू नये, हे त्यांतले मला पटलेले नियम. प्रवासात मांस, तंबाखू आणि वाइन वर्ज्य असावी, असेही ते सांगतात. आम्ही ज्या नदीच्या काठाने गेलो तेथे यातला शेवटचा शब्द पाळणे कठीण होते आणि आम्ही तो पाळलाही नाही.

ती नदी म्हणजे ल्वार, फ्रान्समधली सर्वांत लांब नदी. नव्हेर शहराजवळच्या क्यूफी या गावापासून अटलांटिकच्या काठावरील सें-ब्रेव्हँपर्यंत सुमारे 900 किलोमीटरचा सायकलमार्ग तिच्या सोबतीने जातो. 1990च्या दशकाच्या मध्यात दोन प्रादेशिक सरकारांनी मिळून हे काम हाती घेतले आणि आज हा मार्ग अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो 6’ या सायकल महामार्गाचा भाग आहे. त्याच्या सुखदपणाचे कारण भूगोलात आहे. ऑर्लेआं हे शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटर उंचीवर आहे आणि तेथून समुद्र साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. म्हणजे तीन-साडेतीन किलोमीटर गेल्यावर नदी कोठे एक मीटर उतरते. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना आपण तीसेक किलोमीटरांतच शंभराहून अधिक मीटर चढतो, हे लक्षात घेतले म्हणजे फरक पोटऱ्यांना समजतो.

सपाटी एकटी पुरत नाही. ल्वार ही पुराची नदी आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस वाळूची बेटे उघडी पडतात आणि पावसाळी दिवसांत तीच नदी गावे बुडवते. म्हणून बाराव्या शतकापासून लोकांनी तिच्या काठाने मातीचे बांध घातले, पुढच्या राजवटींनी ते वाढवले, उंच केले, आणि तरीही 1846, 1856 व 1866 च्या महापुरांत ते ठिकठिकाणी फुटले. आज याच बांधांच्या माथ्यावरून बरीचशी वाट जाते. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला खाली उतरत गेलेली घरे, भाजीचे मळे आणि चर्चचे मनोरे, आणि आपण या दोहोंच्या मधोमध, कोणाच्याही दारातून न जाता सगळ्यांच्या अंगणात डोकावत पुढे सरकतो. सायकलस्वारासाठी कोणी हा बांध घातला नव्हता. पुराच्या भीतीने झालेले काम आठशे वर्षांनी सहलीच्या कामी आले, एवढेच.

आमच्यात ताई, दाजी आणि मी असे तिघे होतो. प्रवासाचा टप्पा सोम्यूर ते ब्ल्वा असा ठरला, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेने. दाजींना हे अजिबात पटले नाही. ‘अहो, उताराने जायचे सोडून नदीच्या विरुद्ध कशाला?’ असे त्यांनी नकाशावर बोट ठेवून विचारले. उतार नावापुरताच असल्याने येथे खरा हिशेब वाऱ्याचा असतो आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. रेल्वे येण्यापूर्वी याच वाऱ्यावर मोठी चौकोनी शिडे उभारून सपाट तळाच्या मालवाहू होड्या समुद्राकडून वर ऑर्लेआंपर्यंत जात. वाटेत आंबलेल्या वाइनमुळे त्या शहरात सिरक्याचा धंदा भरभराटीला आला, ही कथा तेथे आवडीने सांगतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मागून वारा लागला तेव्हा दाजींनी विषय पुन्हा काढला नाही.

आम्ही दिवसाला चाळीसच्या आतबाहेर किलोमीटर जात होतो. नाशिकच्या कोणत्याही सायकल गटात हा आकडा सांगण्यासारखा नाही. परंतु या वाटेवर त्याहून अधिक अंतर कापणे म्हणजे काहीतरी न पाहता पुढे जाणे होय. सोम्यूर सोडल्यावर थोड्याच वेळात सूझे या गावी वाट चक्क डोंगराच्या पोटात शिरते. येथला दगड पांढरट, मऊ आणि करवतीने कापता येण्याजोगा आहे. राजवाडे, चर्च आणि साधी घरेसुद्धा त्याचीच आहेत, आणि तो काढून नेल्यावर टेकड्यांत ज्या पोकळ्या उरल्या त्यांत लोक राहिले, वाइनची पिंपे ठेवली गेली आणि अळिंब्यांची लागवड झाली. आमच्या नाशिकच्या पांडवलेण्यात गुहा हाच हेतू होता आणि काळा बसाल्ट छिन्नीने फोडावा लागला. येथे हेतू दगडाचा होता आणि गुहा आपोआप मिळाली. आत बाराही महिने साधारण 12 अंश तापमान असते. भर उन्हातून आत गेल्यावर ताईने पिशवीतला स्वेटर काढला, तो व्हेलोसिओंच्या नियमाप्रमाणे थंडी वाजण्याआधीच.

पुढे कांद येथे व्हिएन नदी ल्वारला मिळते, व्हिलांद्रीजवळ शेर मिळते, आणि तूर शहर ओलांडल्यावर वाट बांध सोडून मोंलुईच्या द्राक्षमळ्यांत थोडी चढते. दाजी निफाडचे द्राक्षबागायतदार असल्यामुळे आमचा त्या दिवसाचा वेग येथेच संपला. मोंलुई आणि पैलतीरावरचे व्हूव्ह्रे या दोन्ही ठिकाणी शेनिन ब्लाँ हेच द्राक्ष लावतात, आणि तेच 1990च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या गंगापूर धरणाच्या परिसरातही लागले आहे. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल थंडीने झोपतो, म्हणून मुख्य छाटणी एकदाच होते आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे वेलाला झोप नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारीपासून. ‘एकच छाटणी? मग बाकीचे वर्ष ही मंडळी करतात काय?’ असा दाजींचा प्रश्न होता. एप्रिलमधल्या हिमकडाक्याने कोवळे फुटवे जळू नयेत म्हणून बागेत रात्रभर मेणबत्त्या पेटवाव्या लागतात हे कळल्यावर मात्र त्यांना आपली गारपीट आठवली आणि त्यांचा सूर बदलला.

वाटेवरच्या आंब्वाजमध्ये लिओनार्दो दा विंचीने आयुष्यातली शेवटची वर्षे काढली आणि 1519 मध्ये तेथेच त्याचा मृत्यू झाला. शांबोरचा राजवाडा त्याच वर्षी बांधायला घेतला गेला. राजवाड्यांविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे. माझे मत एवढेच, की दिवसाला एकाहून अधिक राजवाडा पाहू नये.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी सांगतो. मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने बरे. वाळूच्या बेटांवर वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला सुरय पक्षी घरटी करतात, म्हणून तेथे उतरू नये. उन्हाळ्यात या मार्गावरील काही रेल्वेगाड्यांत सायकलींसाठी जादा जागा असते, त्यामुळे दमलेल्याने गाडीत बसून पुढच्या गावी जाण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. ‘आकय व्हेलो’ ही पाटी असलेल्या मुक्कामी सायकल कुलपात ठेवायला जागा आणि दुरुस्तीची हत्यारे मिळतात. सायकल येथून नेण्याचा खटाटोप करू नये, तेथे भाड्याने मिळते.

परत आल्यावर आम्ही नांदूरमध्यमेश्वरला जाऊ लागलो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि त्याचा जलाशय 2020 मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला. तेथून निघणारे गोदावरीचे डावे व उजवे कालवे कोपरगाव-राहात्याकडे जातात, आणि पाणी जेमतेम वाहावे इतकाच उतार असल्याने कालव्याच्या कडेची वाट ल्वारच्या बांधाइतकीच सपाट असते. डांबर नाही, मुरूम आहे. थंडीत ती वाट सुरेख, पावसाळ्यात चिखल. जायचे असल्यास रुंद टायर लावावे, ट्यूबमध्ये बारीक भोके आपोआप बुजवणारे सीलंट भरून घ्यावे आणि तरीही पंक्चरचे सामान जवळ ठेवावे, कारण कडेच्या बाभळी कोणाचीच गय करत नाहीत.