चौथा महिना: फ्रिजची घरघर आणि रूम टोन

मित्राच्या 11 मिनिटांच्या लघुपटाचे ध्वनिकाम मी शिकत शिकत करतो आहे, आणि या महिन्याचे जवळजवळ सगळे शनिवार-रविवार त्यातील एकाच प्रसंगावर खर्च झाले. ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या घराच्या स्वयंपाकघरात आई आणि मुलगी बोलत आहेत, एवढाच तो प्रसंग. परंतु आईकडचा कॅमेरा लागला तेव्हा फ्रिज बंद होता आणि मुलीकडचा लागला तेव्हा चालू, त्यामुळे प्रत्येक कटला घरघर येत होती आणि जात होती.

पहिला उपाय म्हणून मी मुलीच्या शॉटवर भरपूर नॉईज रिडक्शन (नको असलेला आवाज कमी करणारी प्रक्रिया) लावले. घरघर गेली, पण ‘स’ आणि ‘श’ विरघळले आणि मुलगी पाण्याखालून बोलते आहे असे वाटू लागले. ते सारे काढून टाकले. आपला वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्यामुळे अशा मोटरचा गुणगुणाट बहुधा त्याच्या दुप्पट, म्हणजे 100 हर्ट्झवर ठळक असतो. स्त्रीच्या आवाजाचा पाया साधारणपणे त्याच्या वर असल्याने तेथे ईक्यूने (ठरावीक वारंवारतेचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) अरुंद खाच पाडली, तरी संवादाला धक्का लागला नाही. 200 हर्ट्झला मात्र मी हात लावला नाही, कारण आवाजाचा भरीवपणा तिथेच आहे.

उरलेली घरघर काढण्याऐवजी ती आईच्या स्वच्छ शॉटखालीही अंथरायची, हे या महिन्यात मला खऱ्या अर्थाने उमगले. कानाला सलग आवाज खटकत नाही, त्याचे तुटणे खटकते. अडचण अशी की चित्रीकरणाच्या वेळी रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, कोणी घेतलाच नव्हता. संवादांमधल्या शांततेचे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तुकडे जोडून 14 सेकंदांची पट्टी तयार केली, पण तिच्यातला भांड्याचा बारीक टणत्कार दर फेरीला परत येई आणि एकदा लक्षात आल्यावर दुसरे काही ऐकूच येईना.

शेवटी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो, तेही दुपारी चारलाच, कारण गोखले रोडच्या रहदारीची जी पार्श्वभूमी संवादात आहे ती रात्री मिळाली नसती. खिडकी तेवढीच उघडी ठेवली, पंखा बंद केला. ‘काकू, दोन मिनिटं फ्रिज बंद करू का?’ असे विचारून एकदा फ्रिज बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून दोन-दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण केले. बंद केलेला फ्रिज तसाच राहू नये म्हणून मित्राने स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली होती. ही युक्ती प्रत्येकाने उचलावी.

चालू फ्रिजचा टोन त्याच ईक्यूमधून काढून आईच्या शॉटखाली ठेवला. क्रॉसफेड (एक आवाज मावळताना दुसरा उगवतो तो सांधा) दोन ते चार फ्रेमचे आहेत (25 फ्रेमच्या गतीला एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद) आणि शक्य तिथे ते पुढच्या शब्दाच्या पहिल्या व्यंजनाखाली लपवले आहेत. मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर 100 हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे तपासणी हेडफोनवरच केली. प्रसंगातले 23 कट आता डोळे मिटून ऐकताना सापडत नाहीत.

विळीवर कोबी चिरण्याचा फोली (चित्राला जुळवून वेगळा मुद्रित केलेला आवाज) घरीच झाला, तो सोपा गेला. पुढच्या महिन्यात मिश्रण आणि टीव्हीसाठीच्या उणे 23 एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) पातळीचा सराव करणार आहे.