मुंजीवरचा शुक्रवार

कॅसेटच्या कडेला निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘मुंज, माघ १९८५’. घेऊन आलेल्या काकू पंचाहत्तरीच्या पुढच्या. मुलगा परदेशी, नातवाची मुंज तोंडावर आलेली. लेकाला बाबाची मुंज दाखवायची, असा त्या मुलाचा हट्ट. (काकूंची ओळख पटेल असं इथे काही ठेवलेलं नाही.)

जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिजिटल करून देणं हे माझं काम. ही कॅसेट चाळीस वर्षं माळ्यावर होती, तिच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत होती. अशी कॅसेट तशीच प्लेअरमध्ये सरकवणारे दुकानदार मला ठाऊक आहेत आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. प्लेअरमधला ड्रम, ज्यावर टेप वाचणारी हेडं बसवलेली असतात, मिनिटाला १५०० फेरे घेतो. बुरशी हेडमध्ये बसते, टेपला ओरखडे पडतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटलाही लागण होते. मी पाच स्क्रू काढले, रिळं नव्या कवचात बसवली आणि जवळपास अडीचशे मीटर टेप मऊ कापडातून हाताने फिरवत पुसली. दोन दिवस गेले. चित्र इतकं स्वच्छ आलं की मीच खूश झालो.

पहिली चाळीस सेकंदं मुंजीचीच. मांडव, केळीचे खांब, पाटावर बसलेला मुलगा, काकू तरुण, हिरव्या शालूत. मातृभोजनाचं ताट पुढे आलं. त्यांनी घास उचलला आणि पडद्यावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे आले.

हे पट्टे मी ओळखतो. व्हीसीआरमध्ये टेप पुसणारं हेड ड्रमच्या आधी बसवलेलं असतं. रेकॉर्डचं बटण दाबलं की त्या दोघांमधला टेपचा तुकडा पुसायचा राहतो, आणि नवं चित्र जुन्यावरच चढतं. थोडक्यात, कुणीतरी मुंजीवर दुसरं काही टेप केलं होतं.

पट्टे विरले आणि किशोरकुमारचा आवाज आला. ‘ये जो है ज़िंदगी’!

शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी. १९८४ मध्ये सुरू झालेली ही दूरदर्शनची शुक्रवारची मालिका. लेखन शरद जोशींचं; शेतकरी संघटनेचे नव्हेत, हिंदीतले व्यंगकार. आदल्याच वर्षी ‘जाने भी दो यारों’ केलेले कुंदन शाह दिग्दर्शकांपैकी एक. आणि सतीश शाह, जे दर भागात नव्या माणसाच्या रूपात यायचे. पन्नासाहून जास्त भूमिका त्यांनी एकाच मालिकेत केल्या. प्रायोजक आपल्या पेंढरकरांची विको. तिच्या जाहिरातीही टेपवर जशाच्या तशा होत्या. घरी टेप केलेल्या कॅसेटीत जाहिरातींसकट तो अख्खा शुक्रवार सापडतो, म्हणून मला त्या मोलाच्या वाटतात. एरवी मी नाचलो असतो.

भाग संपला, काही सेकंद मुंग्या आल्या, मग थेट भिक्षावळ. मातृभोजन, मंगलाष्टकं, सगळं गेलेलं. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक खिटी असते. ती मोडली की वर काही टेप होत नाही. व्हिडिओवाल्याने ती मोडून द्यायला हवी होती. दोन सेकंदांचं काम, तेवढंही त्याने केलं नव्हतं.

काकूंना बोलावून दाखवलं. त्या शांत बसून होत्या. सतीश शाह दारातून आत आले तशा हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावला.

“ह्यांची सेकंड शिफ्ट असायची रे. शुक्रवारची मालिका चुकायची, म्हणून मी टेप करून ठेवायचे. रात्री बाराला जेवता जेवता बघायचे. बटण मीच दाबलं असणार.”

मी म्हटलं, “काकू, खिटी मोडलेली नव्हती. तुमची चूक नाही.”

“ते त्याला कसं सांगू? घास भरवत होते मी त्याला.”

जाताना त्यांनी दोन पेन ड्राइव्ह नेले. एकात मुलासाठी उरलेली मुंज, दुसऱ्यात स्वतःसाठी तो भाग. आणि मुलाला काही बोलणार नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

आठवड्याने मुलाचा फोन आला. मधला भाग कुठे आहे? मी सांगितलं, बुरशी फार होती, तेवढा भाग वाचला नाही. तो म्हणाला, “चांगल्या माणसाकडे द्यायला हवी होती.” हातातून गेलेल्या त्या टेपचा एक सेंटिमीटरही मी खराब केलेला नव्हता. तरी गप्प बसलो.

आता त्याचा मेसेज आलाय. मूळ कॅसेट पाठवा, इथल्या लॅबमध्ये प्रयत्न करून बघतो. लॅबवाला पहिल्या मिनिटातच ओळखेल. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “टाकून दिली म्हणून सांग.” कॅसेट माझ्या कपाटात आहे, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. टाकवत नाही. मेसेजला चार दिवस झाले, उत्तर अजून दिलेलं नाही.