नोटेतली तार

पोर्तुगालच्या पोर्तो शहरात एका गोष्टीनं माझं डोकं हमखास फिरतं. दुकानात पन्नास युरोंची नोट दिली की ती उजेडाकडे धरून बघणार. माझ्यापुढच्या गोऱ्या आजोबांची बघितली? नाही. मागच्या पोरीची? तीही नाही, मी मुद्दाम दाराशी रेंगाळून खात्री केलीय. आपल्याकडेही पाचशेची नोट बघतात, पण सगळ्यांची बघतात, आणि बघता बघता ‘काय पावणं, बरं हाय न्हवं?’ एवढं तरी विचारतात. परवा वैतागून म्हटलं, नेमकं काय शोधताय? काउंटरवरच्या बाईंनी वॉटरमार्कवर बोट ठेवलं. “फिलिग्राना.”

आता हा शब्द मला दागिन्यांमुळे माहीत. शेजारच्या गोंदोमारमध्ये सोन्याचांदीच्या बारीक तारेचं जाळीकाम होतं, त्याचं हे नाव. लॅटिनमधला फिलुम म्हणजे धागा आणि ग्रानुम म्हणजे दाणा. दोन्ही जोडून इटालियन फिलिग्राना झाला, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत फिलिग्री. नोटेचा संबंधही तारेचाच. हातकागदाच्या साच्यावर तारेची आकृती बसवायचे. तिथं लगदा पातळ बसतो आणि उजेडात आकृती दिसते. इटलीत 1282 सालापासूनचे असे कागद सापडतात.

हुपरीला चांदीकाम करणाऱ्या मामांना फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं. “म्हंजे तार आणि रवा. मग?” मामा म्हणाले. दोन तारांना पीळ द्यायचा, चेपायचा, की कड आपोआप दाणेदार दिसते. रवे ठेवायचे, जोडायला टाकणखार, डाख, फुंकणी, झालं. युरोपनं तीन भाषा फिरवून आणलेलं नाव मामांच्या भट्टीपाशी आधीच बसलेलं! मला उगाचच छाती फुगल्यासारखं झालं.

शिवाय पोर्तुगीज सोनं परंपरेनं 800 कसाचं, म्हणजे 19.2 कॅरेट. आपल्या कोल्हापूरच्या गुजरीत 22 कॅरेटच्या खालचं नाव काढून बघा! हां, इथल्याच व्हियाना गावच्या नावाचं ते तारांच्या जाळीचं हृदय, तो दागिना म्हणजे काम आहे, मान्य. पण आपला साज मुळात पत्र्याच्या पानांचा, आत लाख भरलेला. कुस्तीच वेगळी, मग गुण कसे द्यायचे?

त्या हृदयाचा फोटो मामांना पाठवला. रात्री उत्तर आलं: “हात चांगलाय. मजुरी काय घेत्यात?”