छताला टांगलेला २३ नंबर

२४ ऑगस्ट २०२४, शनिवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या टार्गेट सेंटर या बास्केटबॉल स्टेडियममधे आम्ही तिघं पार वरच्या रांगेत बसलो होतो, जिथून खेळाडू बोटाएवढे दिसतात, आणि समोर छताकडे एक जर्सी चढवत होते, त्यावर नाव मूर आणि नंबर २३ (मोठ्या खेळाडूच्या मानासाठी टीम तिची जर्सी अशी कायमची वर टांगते). माझी लेक रडत होती. पंधरा वर्षांची पोरगी, आजकाल माझ्यासमोर रडायचं टाळते, पण त्या दिवशी तिने डोळे पुसायचंही मनावर घेतलं नाही.

त्या दिवशी समोर इंडियाना फीव्हरची टीम होती आणि स्टेडियममधलं निम्मं पब्लिक त्यांच्या केटलिन क्लार्कला बघायला आलं होतं, ते साहजिकच आहे, पोरगी खेळतेच तशी. आम्ही मात्र माया मूरसाठी आलो होतो. आपल्याकडे जॉर्डन, कोबी, लेब्रॉन ही नावं चौथीतल्या मुलालाही माहीत असतात, पण अमेरिकेतली बायकांची बास्केटबॉल लीग, डब्ल्यूएनबीए, फारसं कुणी बघत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माया मूर २०११ मधे मिनेसोटा लिंक्स या आमच्या टीमकडे आली, ड्राफ्टमधे, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या नंबरवर निवडली गेलेली. त्याच वर्षी टीम चॅम्पियन. मग २०१३, २०१५, २०१७. सात वर्षांत चार टायटल! मधे २०१४ ची लीगची एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, लंडन आणि रिओ दोन्ही ऑलिंपिकमधे गोल्ड. २०१५ च्या फायनल्समधल्या तिसऱ्या मॅचमधे १.७ सेकंद उरले असताना बॉल हातात घेऊन, समोरच्या खेळाडूला चकवून तिने तीन पॉइंट्सचा शॉट मारला आणि मॅच ८०-७७ जिंकून दिली, तो व्हिडिओ माझ्या लेकीने इतक्या वेळा बघितलाय की कॉमेंट्री तिला पाठ आहे.

मी स्वतः नागपूरला शाळेत बास्केटबॉल खेळायचे. सिमेंटचं कोर्ट, रिंगला जाळी नाही, मे महिन्यात पहाटे साडेपाचला प्रॅक्टिस कारण नंतर उन्हाने जमीन तापायची. दहावीला बंद केलं, सगळ्यांनीच केलं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. २०१४ मधे इकडे आलो आणि पहिल्याच भयानक थंडीत, बाहेर उणे पंचवीस असताना, कम्युनिटी सेंटरच्या जिममधे आत शिरले तर लाकडी फ्लोअरवर बुटांचा तो कर्रकर्र आवाज आणि बॉलची धपधप, मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. लेकीचं नाव तिथेच घातलं.

तेव्हापासून माझ्यासाठी माया मूर म्हणजे मेहनतीचं उदाहरण. बघ ती किती प्रॅक्टिस करते, बघ ती हरल्यावर तोंड पाडून बसत नाही, वगैरे. आपण आईबाप स्टार लोकांचा उपयोग तेवढाच करतो ना, अभ्यासाला बसवायला सचिन, डाएटला विराट.

मग फेब्रुवारी २०१९ मधे तिने जाहीर केलं की यंदा मी खेळणार नाही. वय २९, फॉर्म उत्तम, दुखापत नाही. कारण सांगितलं कुटुंब, श्रद्धा आणि काही कामं ज्यांना वेळ द्यायचाय. हळूहळू सगळं बाहेर आलं. मिझूरी राज्यात जेफरसन सिटी नावाचं गाव आहे, मायाचा जन्म तिथलाच, आणि तिथल्या मोठ्या जेलमधे जोनाथन आयर्न्स नावाचा एक माणूस होता. १९९७ मधे सेंट लुइसजवळ एका घरात चोरी झाली, घरमालकाला गोळी लागली, तो वाचला. त्या केसमधे जोनाथनला पकडलं तेव्हा तो १६ वर्षांचा होता. केस मोठ्या माणसासारखी चालवली, ज्युरीत सगळे गोरे, आणि शिक्षा ५० वर्षं. सोळाव्या वर्षी पन्नास वर्षं! त्याच्या बोटांचे ठसे नाहीत, डीएनए नाही, त्याला त्या घराशी जोडणारा काहीच भौतिक पुरावा नाही. आणि घराच्या आत दारावर भलत्याच कुणाच्या बोटाचा ठसा सापडल्याचा रिपोर्ट होता, तो त्याच्या वकिलाला कधी दाखवलाच नव्हता.

मायाच्या घरातली मंडळी जेलमधे कैद्यांसाठी चर्चचं काम करायची, त्यातून ओळख झाली आणि २००७ मधे ती त्याला पहिल्यांदा भेटली. तेव्हा ती अठरा वर्षांची, कॉलेजात जायच्या आधीची गोष्ट. मी ही तारीख वाचली तेव्हा परत एकदा हिशोब केला. २००७. म्हंजे लिंक्समधे यायच्या चार वर्षं आधीपासून. पहिलं टायटल, दुसरं, तिसरं, लंडन, रिओ, हिवाळ्यात परत स्पेनला नाहीतर चीनला नाहीतर रशियाला जाऊन खेळणं (कारण इथे बायकांना पगार इतका कमी मिळायचा की भल्याभल्या खेळाडू ऑफ सीझनला परदेशी क्लबकडून खेळायच्या), या सगळ्या धावपळीत तिने त्या माणसाचा हात सोडला नाही. आणि यातली बरीच वर्षं बाहेर कुणाला हे माहीतच नव्हतं. कॅमेरा नाही, पोस्ट नाही, काही नाही. आम्ही वरच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचो तेव्हाही हे चालूच होतं आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता, मला आजही या गोष्टीचं सगळ्यात जास्त वाटतं.

तिने ब्रेक घेतला तेव्हा मात्र मला पटलं नव्हतं, खरं सांगते. करिअरच्या ऐन भरात? एखादं वर्ष थांबलं असतं तर? वकील लावता येतात की, पैसे द्यावेत, फाउंडेशन काढावं. लेक तेव्हा दहा वर्षांची, तिने नागपूरला आजीला फोनवर सांगितलं.

"म्हंजे तिची नोकरी गेली का?" आई म्हणाली.

"नाही आजी, तिनेच सोडली. एक माणूस जेलमधे आहे, त्याने काही केलं नाही, त्याला सोडवायला."

"तिचा कोण लागतो तो?"

"कोणी नाही. म्हणजे फ्रेंड आहे."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग आई म्हणाली, "काय पोट्टी आहे!" नागपूरला हे कौतुकानेही म्हणतात आणि वैतागूनही म्हणतात, आईने कसं म्हटलं ते मला फोनवरून कळलं नाही, पण लेकीने ते कौतुकच धरलं.

इथे लोकांमधे हा वाद जुना आहे, खेळाडू रोल मॉडेल असतात की नाही. १९९३ मधे बास्केटबॉल खेळाडू चार्ल्स बार्कलीने नाइकीच्या जाहिरातीत कॅमेऱ्यात बघून सांगितलं होतं की मी रोल मॉडेल नाही, आईबापांनी व्हावं रोल मॉडेल, मी बॉल रिंगमधे कोंबतो म्हणून तुमची मुलं मी वाढवावीत असं नाही. त्यावर दुसरा बास्केटबॉल खेळाडू कार्ल मलोनने स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या मासिकात उत्तर दिलं की बाबा, हे आपण निवडत नसतो, लोक आपल्याला निवडतात. आमच्या मराठी ग्रुपमधे एकदा डब्यांच्या पार्टीला यावर चांगले दोन तास वाजले होते. मला बार्कलीचं म्हणणं अर्धं पटतं. मूल वाढवायचं काम माझंच आहे, ते मी टीव्हीवरच्या माणसावर ढकलू शकत नाही. पण मुलं कुणाकडे बघतात ते माझ्या हातात नाही ना, ती बघणारच. मग निदान त्या माणसाचं काय बघायचं, हे तरी आपण त्यांच्याशी बोलावं.

आणि नुसतं दानधर्माचं नाही हं. लेब्रॉनने २०१८ मधे अक्रन या आपल्या गावात तिथल्या शाळा खात्याबरोबर अडचणीतल्या मुलांसाठी शाळा सुरू केली, मला त्याचं फार कौतुक आहे. पण आमच्या घरात ज्याने खरं काहीतरी हललं तो केव्हिन लव्ह. हा आधी इथल्या पुरुषांच्या बास्केटबॉल टीममधे, टिंबरवुल्व्ह्जमधेच होता, आम्ही आलो त्याच वर्षी क्लीव्हलँडला गेला. नोव्हेंबर २०१७ मधे अटलांटाविरुद्धच्या मॅचमधे त्याला पॅनिक अटॅक आला, श्वास घेता येईना, मॅच सोडून आत गेला. आणि मार्च २०१८ मधे त्याने स्वतःच ते लिहून काढलं, की मला असं झालं, मी थेरपिस्टकडे जातो, लहानपणापासून शिकवलं होतं की पुरुषाने स्वतःचं स्वतः सोसायचं. त्याच्या आधी काही आठवडे दुसऱ्या टीमच्या डिमार डिरोझनने डिप्रेशनबद्दल उघड लिहिलं होतं, त्यामुळे आपल्याला धीर आला हेही त्याने सांगितलं. माझ्या नवऱ्याने तो लेख मला ऑफिसमधून फॉरवर्ड केला, खाली एक अक्षर न लिहिता. त्याला तेव्हा वर्षभर रात्री झोप लागत नव्हती आणि "काही नाही गं, काम आहे" याच्यापुढे तो बोलत नव्हता. त्या महिन्यात तो पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेला. सहा फूट आठ इंचांचा माणूस सांगतो की मला भीती वाटते, तेव्हा बाकीच्यांना बोलायला जागा होते.

परत मायाकडे येते. जुलै २०१६ मधे आमच्या इथेच, सेंट पॉलच्या शेजारी, फिलँडो कॅस्टील नावाच्या काळ्या माणसाला पोलिसाने गाडीत गोळी घातली. तीनच दिवसांनी लिंक्सची मॅच होती. वॉर्मअपला माया, लिंडसे व्हेलन, सिमोन ऑगस्टस आणि रेबेका ब्रन्सन या चौघी कॅप्टन आणि सगळी टीम काळे टीशर्ट घालून आल्या, बदल आपल्यापासून सुरू होतो असं पुढे लिहिलेलं, पाठीवर कॅस्टीलचं नाव, लुइझियानात पोलिसांकडूनच मारल्या गेलेल्या अल्टन स्टर्लिंगचं नाव, आणि त्याच आठवड्यात डॅलसमधे मारल्या गेलेल्या पोलिसांसाठी त्यांचा बिल्लाही. दोन्हीकडची मेलेली माणसं त्यांनी एकाच शर्टवर घेतली होती. तरी त्या रात्री सिक्युरिटीला असलेले चार पोलीस ड्यूटी सोडून निघून गेले. फुटबॉल खेळाडू कॅपर्निकचं राष्ट्रगीताच्या वेळी निषेध म्हणून गुडघा टेकणं वगैरे सगळं याच्यानंतरचं आहे, आधी या बायका होत्या, आणि याचा उल्लेख फार कमी होतो म्हणून मी मुद्दाम लिहितेय.

२०२० साल. मार्चमधे मिझूरीच्या जजने जोनाथनची शिक्षा रद्द केली. मग लॉकडाउन. मेमधे आमच्याच शहरात जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस पोलिसाच्या हातून गेला, दंगली झाल्या, रात्ररात्र हेलिकॉप्टरचे आवाज, ऑफिसच्या कलीगचं दुकान जळालं, लेक झोपेतून उठून आमच्या खोलीत यायची. त्या सगळ्यात १ जुलैला जोनाथन आयर्न्स जेलच्या दारातून चालत बाहेर आला. २३ वर्षांनी. माया बाहेर उभी होती, त्याला बघून ती गुडघ्यांवर बसली, डोकं खाली घालून. तो फोटो लेकीने स्वतःच आजीला व्हॉट्सअॅपवर पाठवला. आईचा लगेच फोन.

"सुटला का गं तो?"

एवढं दीड वर्ष आईच्या लक्षात होतं! मला वाटलं होतं ती कधीच विसरली असेल.

"मग आता ती परत खेळणार?"

"माहीत नाही आजी."

ती परत खेळली नाही. जोनाथनशी लग्न झालं, बाळ झालं, सरकारी वकिलांनी केस कशा चालवाव्यात यावर ती काम करते, आणि जानेवारी २०२३ मधे तिने निवृत्ती जाहीर करून टाकली.

आमच्या जिममधे शनिवारी लहान मुलांच्या मॅचेस असतात, तिथे रेफरी म्हणून हायस्कूलची मुलं उभी राहतात, थोडेफार पैसे मिळतात. लेकही गेल्या हिवाळ्यापासून करते. एका शनिवारी मी स्कोअर टेबलवर होते आणि एक बाबा, शिकलेला, एरवी छान बोलणारा माणूस, दुसऱ्या रेफरीवर ओरडायला लागला. तो मुलगा असेल चौदाचा, कान लाल झाले त्याचे, शिट्टी तोंडात तशीच. जिम गप्प. मी पेन्सिल धरून बसले होते, बोलावं की नाही असा विचार करत, तेवढ्यात लेक कोर्टच्या दुसऱ्या टोकाहून चालत आली आणि त्या मुलाच्या शेजारी नुसती उभी राहिली. काही बोलली नाही. खेळ थांबलेला, ही दोघं शेजारीशेजारी, आणि ते गृहस्थ हळूहळू खाली बसले. गाडीत मी विचारलं तर म्हणाली, "तो एकटा होता ना."

तर त्या जर्सीच्या रात्रीबद्दल सांगत होते. व्हेलन, ऑगस्टस, ब्रन्सन आणि सिल्व्हिया फाउल्स, मायाबरोबर खेळलेल्या चौघींचे नंबर आधीच वर होते, त्यांच्या ओळीत आता २३. बाहेर आलो, रस्त्यावर तुफान गर्दी, ब्लू लाइन ट्रेनच्या डब्यात उभं राहायलाही जेमतेम जागा. आमची गाडी फोर्ट स्नेलिंगला लावलेली. लेक खांबाला धरून उभी होती, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आई, ती फक्त पस्तीसची आहे."

"हो."

"तिच्याबरोबर ऑलिंपिक खेळलेली तौरासी बेचाळीसची आहे आणि पॅरिसला खेळली. आत्ता, याच महिन्यात. गोल्ड घेतलं." मग बोटं दुमडत मोजायला लागली, "टोकियो, पॅरिस. म्हणजे दोन गोल्ड. आणि २०१९, २०, २१, २२, २३, २४. सहा सीझन." सहाव्यावर थांबली. "सहा सीझन दिले तिने, आई."

शेजारी एक काळी आजीबाई बसली होती, जुनी, धुऊन धुऊन फिकी झालेली २३ नंबरचीच जर्सी घातलेली. तिला मराठी कळायचं काही कारण नाही, पण आकडे लेकीने इंग्लिशमधेच मोजले होते. ती सरकली आणि लेकीसाठी सीटवर जागा केली.